वर्ग, जात आणि पत : खानदेशातील सामाजिक वर्गरचनेचा ऐतिहासिक अभ्यास (१८१८ ते १९७५)

प्रस्तावना

'सामाजिक वर्ग' ही संज्ञा इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र व राज्यशास्त्र या चारही विषयांच्या अध्यापनात सातत्याने वापरली जाते. तथापि ही संज्ञा ज्या समाजाच्या अनुभवातून घडली तो समाज प्रामुख्याने औद्योगिक ब्रिटनचा होता. मँचेस्टरच्या गिरण्या, लंडनचे व्यापारी आणि इंग्लंडच्या ग्रामीण भागातील जमीनदार यांच्या आधारे उच्च वर्ग, मध्यम वर्ग व कामगार वर्ग ही त्रिस्तरीय विभागणी रूढ झाली व पाठ्यपुस्तकांमार्गे ती आपल्यापर्यंत पोहोचली. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील महाविद्यालयांत ही विभागणी शिकविताना एक अडचण नेहमी जाणवते. समोर बसलेल्या विद्यार्थ्यांत बागायतदाराचा मुलगा असतो, कोरडवाहू तीन एकरांच्या धन्याची मुलगी असते, सालदाराचा मुलगा असतो आणि बंद पडलेल्या गिरणीतील कामगाराचा नातूही असतो. यांपैकी प्रत्येकाला आपले सामाजिक स्थान नेमके ठाऊक असते, परंतु पाठ्यपुस्तकातील कोणत्या रकान्यात आपण बसतो हे मात्र सांगता येत नाही.

हा दोष विद्यार्थ्यांचा नसून त्या रकान्यांचा आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न होय. त्याचे उत्तर शोधण्यासाठी १८१८ मध्ये ब्रिटिश अंमल सुरू झाल्यापासून १९७० च्या दशकातील शहादा येथील आदिवासी शेतमजुरांच्या चळवळीपर्यंतचा खानदेशचा इतिहास येथे विचारात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) ब्रिटिश समाजात वर्ग कोणत्या निकषांवर ठरविला गेला याचा थोडक्यात आढावा घेणे.
२) खानदेशात जमीन, कर्ज, कापूस व गिरणी यांमधून निर्माण झालेल्या वर्गसंबंधांचे स्वरूप तपासणे.
३) वर्ग व जात यांचा परस्परसंबंध निवडक ऐतिहासिक प्रसंगांच्या आधारे स्पष्ट करणे.

व्याप्ती व पद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. येथे 'खानदेश' म्हणजे १९०६ पूर्वीचा अखंड खानदेश जिल्हा अभिप्रेत आहे. त्या वर्षी त्याचे पूर्व व पश्चिम खानदेश असे विभाजन होऊन जळगाव व धुळे ही अनुक्रमे मुख्यालये झाली. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर हे जिल्हे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे शहादा तालुका आज नंदुरबार जिल्ह्यात असला तरी चळवळीच्या काळात तो धुळे जिल्ह्याचा भाग होता, हे लक्षात घ्यावे लागते.

वर्गसंकल्पनेचा ब्रिटिश अनुभव

कार्ल मार्क्स यांनी उत्पादनसाधनांच्या मालकीला वर्गाचा पाया मानले. मॅक्स वेबर यांनी त्यात महत्त्वाची भर घातली. बाजारातील स्थानावरून ठरणारा 'वर्ग' आणि समाजाने दिलेल्या मानावरून ठरणारा 'दर्जा' या दोन भिन्न गोष्टी असून त्या नेहमी एकमेकींशी जुळतातच असे नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. ई. पी. थॉम्पसन यांनी इंग्लंडमधील कामगार वर्गाच्या घडणीवरील १९६३ च्या ग्रंथात, वर्ग ही स्थिर वस्तू नसून माणसांच्या परस्परसंबंधांतून घडत जाणारी ऐतिहासिक प्रक्रिया आहे, ही दृष्टी दिली.

शासकीय पातळीवर ब्रिटनने व्यवसाय हा निकष स्वीकारला. १९११ च्या जनगणनेपासून रजिस्ट्रार जनरलच्या कार्यालयाने लोकसंख्येची व्यवसायानुसार सामाजिक वर्गांत विभागणी केली. पुढे पाच वर्गांत स्थिरावलेली ही योजना विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत वापरात राहिली. २००१ पासून तिची जागा नव्या सामाजिक-आर्थिक वर्गीकरणाने घेतली व त्यात केवळ कामाचे नाव न पाहता नोकरीतील अधिकार, स्थैर्य व कराराचे स्वरूप यांचा विचार होऊ लागला. बीबीसीच्या सहकार्याने झालेल्या व २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात एक लाख साठ हजारांहून अधिक लोकांनी भाग घेतला. माइक सॅव्हेज व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याआधारे ब्रिटिश समाजात सात वर्ग दाखविले. उत्पन्न व मालमत्तेबरोबर ओळखीपाळखी आणि सांस्कृतिक अभिरुची हेही त्यांचे निकष होते. पिएर बुर्दिए यांच्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक भांडवलाच्या कल्पनेचा तो उपयोग होता. स्वेच्छेने भाग घेणाऱ्यांवर आधारलेल्या या पाहणीवर टीकाही झाली.

या आढाव्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. खुद्द ब्रिटनमध्येही वर्गाची व्याख्या शंभर वर्षांत मालकीकडून व्यवसायाकडे आणि व्यवसायाकडून संस्कृतीकडे सरकत गेली. तेथील माणसाचा वर्ग त्याच्या उच्चारांवरून व शाळेच्या नावावरून ओळखला जातो, हे तेथील सर्वसामान्यांना अभ्यासकांच्या आधीपासून माहीत होते. मग जेथे जन्माने ठरणारी जातिव्यवस्था अस्तित्वात होती, तेथे केवळ व्यवसायावरून वर्ग ठरविणे कितपत योग्य ठरेल, हा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो.

जमीन आणि पत

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी खानदेश उजाड झालेला प्रदेश होता. होळकर व शिंदे यांच्या फौजांची धामधूम, पेंढाऱ्यांचे हल्ले आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांमुळे कित्येक गावे ओस पडली होती. १८१८ मध्ये ब्रिटिश अंमल आल्यानंतर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्याकडे खानदेशचा कारभार आला व धुळे हे ठाणे झाले. डोंगरातील भिल्लांना बळाने नमविण्याचे प्रयत्न अपुरे पडल्यानंतर १८२५ मध्ये जेम्स आउट्रम यांच्या नेतृत्वाखाली भिल्ल पलटण उभारण्यात आली. पडीक जमिनींवर लागवड वाढविण्यासाठी बाहेरून शेतकरी येऊ लागले आणि तापीच्या सुपीक काळ्या जमिनीवर स्थिर कृषिसमाज पुन्हा आकारास आला.

रयतवारी पद्धतीत प्रत्येक खातेदाराच्या नावावर क्षेत्र व सारा निश्चित करण्यात आला. ही मोजणी शेतकऱ्यांनी निमूटपणे स्वीकारली नाही. १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत मोजणीविरुद्ध मोठे जमाव जमले व सरकारला लष्कर आणावे लागले. १८७५ च्या पुणे-अहमदनगरमधील दंग्यांची आपल्या पाठ्यपुस्तकांत सविस्तर चर्चा असते. त्याआधी तेवीस वर्षे खानदेशात घडलेल्या या प्रतिकाराचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो.

मोजणीनंतर जमीन ही विकता येण्याजोगी व गहाण ठेवता येण्याजोगी मालमत्ता झाली. सारा रोखीने व ठरलेल्या हप्त्यांत भरावयाचा असल्याने पीक बाजारात जाण्यापूर्वीच पैशांची गरज निर्माण होई. ही गरज सावकार भागवीत असे. खातेवही, कर्जरोखा आणि दिवाणी न्यायालय या तीन साधनांनी सावकाराचे सामर्थ्य पूर्वीपेक्षा कितीतरी वाढले. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चारच जिल्ह्यांना लागू होता. खानदेशच्या शेतकऱ्याला त्याचे संरक्षण तेव्हा मिळाले नाही.

या संदर्भात आपल्या भाषेतील काही शब्द विचारात घेण्यासारखे आहेत. 'पत' या शब्दाचा अर्थ कर्ज मिळविण्याची पात्रता असाही होतो आणि समाजातील मान असाही होतो. 'कूळ' म्हणजे घराणे आणि 'कूळ' म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा किंवा सावकाराचा ऋणको. 'आसामी' म्हणजे देणेकरी, आणि 'बडी आसामी' म्हणजे वजनदार माणूस. आर्थिक स्थान व सामाजिक मान यांना वेबर यांनी विश्लेषणासाठी वेगळे केले, परंतु मराठी व्यवहारभाषेने ते एकाच शब्दात बांधून ठेवले आहेत. ज्याची पत गेली त्याला सावकार दारात उभे करीत नसे आणि सोयरिकीच्या बैठकीतही त्याचे स्थान खाली सरकत असे. म्हणून खानदेशातील वर्गाची व्याख्या करताना जमिनीच्या क्षेत्राइतकाच 'पत' हा निकष महत्त्वाचा मानावा लागतो.

पतीच्या या उतरंडीत सर्वांत खाली सालदार होता. वर्षभराच्या करारावर शेतमालकाकडे राबणारा हा गडी. खानदेशात सालाचा करार आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरविण्याची प्रथा आहे. सासरी गेलेल्या लेकी ज्या सणाला माहेरी येऊन झोके घेतात, त्याच सणाला सालदाराचे नवे वर्ष बांधले जाते. घेतलेली उचल फिटली नाही की तो पुढच्या सालालाही त्याच दारी बांधला जाई. व्यवसायाच्या तक्त्यात त्याची नोंद 'शेतमजूर' अशी होईल, पण रोजाने जाणारा मजूर आणि उचलीने बांधलेला सालदार यांच्यातील अंतर त्या नोंदीत दिसणार नाही.

१८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या खानदेश गॅझेटियरची रचना या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यात 'लोकसंख्या' या प्रकरणात जातिजमातींचे वर्णन येते आणि सावकारी, व्याज, मजुरी यांचे विवेचन 'भांडवल' या स्वतंत्र प्रकरणात येते. जात एका प्रकरणात आणि भांडवल दुसऱ्या प्रकरणात, अशी ही विभागणी प्रशासनाच्या सोयीची होती. परंतु पहिल्या प्रकरणातील मारवाडी, गुजराती वाणी, लेवा, गुजर, मराठा, महार, भिल्ल हीच माणसे दुसऱ्या प्रकरणात धनको, ऋणको, मालक व मजूर म्हणून येतात. ही दोन प्रकरणे एकत्र ठेवून वाचल्याखेरीज खानदेशचा सामाजिक इतिहास उलगडत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कापूस, रेल्वे आणि गिरणी

१८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे चाळीसगाव, जळगाव, भुसावळ मार्गे पुढे सरकली. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला व भारतीय कापसाचे भाव अभूतपूर्व वाढले. खानदेशची काळी जमीन थेट जागतिक बाजाराशी जोडली गेली. युद्ध संपताच भाव कोसळले. तेजीत ज्यांची पत वाढली होती त्यांच्यापैकी अनेकांच्या वाट्याला मंदीत कर्ज आले. ब्रिटिश कामगार वर्ग आणि खानदेशचा कापूस उत्पादक हे एकाच सुताने बांधले गेले होते, हे येथे ध्यानात येते. लँकशायरचा मजूर कापसाअभावी बेकार होत असताना खानदेशचा खातेदार तात्पुरता श्रीमंत होत होता.

पुढील टप्पा गिरण्यांचा. जळगावला १८७० च्या दशकात खानदेश मिल उभी राहिली आणि अमळनेर येथे १९०६ मध्ये प्रताप मिल सुरू झाली. धुळे व चाळीसगाव येथेही कापडगिरण्या आल्या. भुसावळ हे रेल्वेचे मोठे केंद्र बनले. अशा रीतीने ठरावीक वेळ, भोंगा व मासिक पगार यांवर जगणारा नवा समूह या प्रदेशात निर्माण झाला.

तथापि या कामगाराला इंग्लंडमधील कामगार वर्गाचे प्रतिरूप मानणे घाईचे ठरेल. त्याचे गाव जवळच होते. अनेकांचा कोरडवाहू जमिनीच्या तुकड्याशी व भाऊबंदांशी संबंध टिकून होता. शिवाय गिरणीच्या दारातून आत जाताना जात बाहेर राहत नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात प्रवेश नसे, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे व त्यामुळे विटाळ होतो अशी इतर कामगारांची समजूत होती. १९२८ च्या मुंबईतील संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न ठामपणे मांडला. एकाच मालकाकडून वेतन घेणाऱ्यांना एक वर्ग म्हणावयाचे, तर ज्यांना अधिक वेतनाचे खाते जन्मामुळेच बंद होते त्यांना कोणत्या वर्गात घालावयाचे, हा तो प्रश्न होता.

मालकवर्गाच्या बाजूनेही चित्र एकेरी नाही. अमळनेरच्या प्रतापशेटजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिरास आश्रय दिला. १९४० च्या दशकात खानदेशात उच्च शिक्षणाचा पाया घातला गेला तेव्हा अमळनेरच्या महाविद्यालयास प्रतापशेटजींचे, तर जळगावच्या महाविद्यालयास मूळजी जेठा यांचे नाव लाभले. बुर्दिए यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर हे आर्थिक भांडवलाचे सांस्कृतिक भांडवलात झालेले रूपांतर होय. परंतु यास केवळ प्रतिष्ठेचा व्यवहार म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. या संस्थांतून शिकलेल्या पिढ्यांमुळेच खानदेशात शिक्षक, वकील, कारकून व डॉक्टर यांचा मध्यम वर्ग वाढीस लागला. आपण अध्यापकही त्याच परंपरेचे वारसदार आहोत.

चाळीसगावचा टांगा (१९२९)

वर्ग व जात यांतील संबंध स्पष्ट करणारा सर्वांत बोलका प्रसंग खानदेशातच घडला. मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीचे डॉ. आंबेडकर सदस्य होते. १९२९ मध्ये या कामासाठी त्यांनी खानदेशचा दौरा केला. परतताना एका गावातील सामाजिक बहिष्काराची चौकशी करण्यासाठी ते चाळीसगावला उतरले, धुळ्याच्या मार्गावरील त्या गावी जाऊन आले आणि स्थानिक अस्पृश्य बांधवांच्या आग्रहावरून चाळीसगावी मुक्कामास थांबले.

स्थानकावर टांगे उभे होते, परंतु अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. आपल्या पाहुण्याने पायी चालावे हे महारवाड्यातील लोकांना मानवेना. अखेर तडजोड झाली. टांगा भाड्याने मिळेल, पण तो हाकावयाचा कोणी हे त्यांनीच पाहावे. ज्याने लगाम हाती घेतला त्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. नदीवरील फरशीच्या पुलावर चाक दगडाला अडकले, आंबेडकर फरशीवर फेकले गेले आणि घोडा व टांगा नदीत पडला. त्यांच्या पायाचे हाड मोडले व कित्येक दिवस त्यांना चालता आले नाही. हा प्रसंग त्यांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लिखाणात नोंदविला आहे.

या घटनेकडे वर्गाच्या निकषांवरून पाहावे. टांग्यात बसलेली व्यक्ती कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी., लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्सी., ग्रेज इनची बॅरिस्टर आणि मुंबई विधिमंडळाची सदस्य होती. रजिस्ट्रार जनरलच्या तत्कालीन वर्गीकरणात बॅरिस्टर पहिल्या वर्गात येतो. टांगेवाला त्याच्या कितीतरी खाली येईल. लंडनमध्ये भाड्याच्या गाडीचा चालक बॅरिस्टरसाठी दार उघडील. चाळीसगावात मात्र टांगेवाल्याने बॅरिस्टरला नाकारले, स्वतःचे भाडे बुडण्याची शक्यता असूनही नाकारले. टांगा भाड्याने देण्यास तो तयार झाला, यावरून पैशाचा व्यवहार त्याला वर्ज्य नव्हता हे उघड आहे. वर्ज्य होती ती सेवा, कारण सेवेतून कनिष्ठत्व मान्य केल्यासारखे झाले असते. म्हणजे बाजाराने जोडलेला संबंध जातीने मध्येच तोडला. मिळकत, शिक्षण व अधिकार हे वर्गाचे तीनही निकष एका बाजूला असताना दुसऱ्या बाजूला केवळ जन्म होता, आणि त्या दिवशी पारडे जन्माच्या बाजूने झुकले.

आणखी एक बाब दुर्लक्षित राहते. अपघाताचे तात्कालिक कारण चालकाचा अननुभव हे होते. कौशल्य एका समूहाकडे आणि गरज दुसऱ्याकडे असताना त्या दोहोंमध्ये विटाळाची कल्पना उभी राहिली. जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे आंबेडकरांचे पुढील काळातील प्रतिपादन समजून घेताना चाळीसगावचा हा पूल डोळ्यांसमोर ठेवावा.

फैजपूर : 'शेतकरी' हा एक वर्ग होता काय?

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे काँग्रेसचे पहिले अधिवेशन. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. अधिवेशनाच्या उभारणीत धनाजी नाना चौधरी यांचा मोठा वाटा होता. सारा व खंड यांत कपात, कर्जातून सुटका, कुळांना संरक्षण, शेतमजुरांना जगण्यापुरते वेतन आणि शेतकरी संघटनांना मान्यता अशा मागण्या असलेला कृषिविषयक कार्यक्रम येथे स्वीकारण्यात आला.

या कार्यक्रमात खातेदार, कूळ व शेतमजूर हे तिघेही एकाच 'किसान' या छत्राखाली आले. साम्राज्यशाही व सावकारशाही यांविरुद्धच्या लढ्यासाठी ही एकजूट आवश्यक होती, हे मान्य करावेच लागेल. परंतु सारामाफीचा लाभ ज्याच्या नावे जमीन आहे त्यालाच मिळतो. सालदाराचा प्रश्न सरकारशी नसून बहुधा खातेदाराशीच होता. स्वातंत्र्याची चळवळ चालू असेतो ही विसंगती झाकलेली राहिली.

ही विसंगती ज्यांना जाणवत होती त्यांत साने गुरुजींचा उल्लेख अपरिहार्य आहे. १९२४ पासून अमळनेरच्या शाळेत शिक्षक असलेल्या गुरुजींनी १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली. पुढे त्यांनी पूर्व खानदेशातील शेतकरी व गिरणी कामगार या दोहोंमध्ये काम केले आणि १९३८ मध्ये अमळनेरहून 'काँग्रेस' हे साप्ताहिक सुरू केले. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. कामगारांचे वेतन आणि मंदिराचे दार हे दोन प्रश्न त्यांनी वेगळे मानले नाहीत. वर्ग व जात यांचा एकत्र विचार करण्याची ही रीत खानदेशने सिद्धांतापूर्वी कृतीत पाहिली होती.

स्त्रियांच्या वर्गस्थानाचा प्रश्न या सर्व चर्चेत बाजूलाच राहिला. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांचे आयुष्य शेतात राबण्यात गेले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते व तारुण्यातच वैधव्य आले. अशा स्त्रीचे वर्गस्थान घरातील पुरुषाच्या खात्यावरून ठरे. येथे ब्रिटनचा अनुभव फारसा वेगळा नाही. तेथील वर्गीकरणातही विवाहित स्त्रीचा वर्ग पतीच्या व्यवसायावरून ठरविला जाई व त्यावर स्त्रीवादी अभ्यासकांनी तीव्र आक्षेप घेतला.

शहादा : मजूर म्हणून उभे राहणे

स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांनी ग्रामीण वर्गरचना काही प्रमाणात बदलली. १९४८ च्या कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला व अनेक कुळे मालक झाली. १९५८ च्या कायद्याने महार वतनासह गावकीची कनिष्ठ वतने रद्द झाली. परंतु सालदाराला यांतून थेट काही मिळाले नाही, कारण तो कायद्याच्या अर्थाने कूळ नव्हता.

तापीकाठच्या शहादा परिसरात सिंचनाच्या सोयी वाढल्या, नगदी पिके आली व जमिनीचे मोल चढले. भिल्लांच्या जमिनी गहाण, कर्ज व कागदोपत्री व्यवहार यांमार्गे मोठ्या खातेदारांकडे गेल्या. मूळ मालक आपल्याच जमिनीवर सालदार झाले. १९७१-७२ मध्ये येथे संघर्ष पेटला. अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल कार्यकर्त्याचे नेतृत्व, सर्वोदयी कार्यकर्त्यांचा सहभाग व बाहेरून आलेले सुशिक्षित तरुण यांतून १९७२ मध्ये 'श्रमिक संघटना' आकारास आली. गेलेल्या जमिनी परत मिळणे आणि सालदार व मजुरांचे वेतन वाढणे या तिच्या प्रमुख मागण्या होत्या. १९७२-७३ च्या दुष्काळात रोजगाराचा प्रश्न त्यात मिळाला. भिल्ल स्त्रियांनी दारूच्या गुत्त्यांविरुद्ध व मारझोडीविरुद्ध आघाडी उघडली. अंबरसिंग यांचे १९७४ मध्ये अकाली निधन झाले. याच काळात राज्य शासनाने आदिवासींच्या जमिनी परत करण्याविषयीचा कायदा केला. त्यामागे अशा चळवळींचा दबाव होता, हे नाकारता येत नाही.

या संघटनेचे नाव विचार करण्यासारखे आहे. तिचे बहुसंख्य सभासद भिल्ल होते आणि समोरचे बहुतेक मोठे खातेदार एका प्रमुख शेतकरी जातीचे होते. तरीही संघटनेने स्वतःला 'श्रमिक' म्हटले. ज्यांना शतकभर 'चोर', 'रानटी' अशा शब्दांनी संबोधण्यात आले त्यांनी मजूर म्हणून, हक्क मागणारा वर्ग म्हणून, उभे राहण्याचा निर्णय घेतला. थॉम्पसन यांनी म्हटल्याप्रमाणे वर्ग घडतो तो असा, संघर्षातून. परंतु तो जमातीची ओळख पुसून घडला नाही. गाणी, पाडा, नातेगोते व गमावलेल्या जमिनीची सामूहिक आठवण यांच्या आधारावरच ती एकजूट उभी राहिली. वर्गजाणिवेला जमातीने अडविले नाही, उलट बळ दिले, हे शहाद्याचे वैशिष्ट्य होय.

नंतरचे बदल

१९७५ नंतरचे बदल येथे केवळ नमूद करतो. कापडगिरण्या बंद पडल्या व संघटित कामगाराचा आधार खचला. ज्या अमळनेरात १९४५ मध्ये वनस्पती तेलाचा कारखाना म्हणून 'विप्रो'ची सुरुवात झाली, तेथील तरुणाला आज संगणकक्षेत्रातील नोकरीसाठी पुणे किंवा बंगळूरू गाठावे लागते. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ठिबक सिंचनाने नवा बागायतदार घडविला. त्याच वेळी धुळे-नंदुरबारचा आदिवासी 'कोयता' दरवर्षी दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातो. यान ब्रेमन यांनी या स्थलांतरित मजुरांचा सविस्तर अभ्यास केला आहे. १९९० मध्ये स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. निरक्षर कष्टकरी स्त्रीचे नाव पदवीपत्रावर येणे हा सांस्कृतिक भांडवलाच्या व्याख्येतीलच बदल मानावा लागेल. मात्र त्या पदवीने प्रत्येकाच्या पतीत सारखीच वाढ होते असे म्हणण्याचे धाडस करवत नाही.

निष्कर्ष

१) ब्रिटनमध्ये वर्गाचे निकष मालकी, व्यवसाय व सांस्कृतिक भांडवल असे बदलत गेले. त्यामुळे तेथील कोणतेही एक वर्गीकरण सार्वत्रिक मानता येत नाही.
२) खानदेशात वर्ग हा जमीन, कर्जसंबंध व जातिनिष्ठ मान या तीन घटकांच्या एकत्रित परिणामातून ठरला. 'पत' ही संज्ञा या तिन्ही घटकांना सामावून घेते.
३) गिरणी व रेल्वे यांनी आधुनिक कामगार निर्माण केला, परंतु जातीपासून तो पूर्णपणे विलग झाला नाही.
४) १९२९ चा चाळीसगावचा प्रसंग जात वर्गावर मात करते हे दाखवितो. १९७२ ची शहादा चळवळ जमातीच्या आधाराने वर्ग घडू शकतो हे दाखविते. या दोन्ही शक्यता एकाच प्रदेशात दिसून येतात.
५) 'शेतकरी' या एकाच संज्ञेत खातेदार, कूळ व सालदार यांना एकत्र घातल्यास सर्वांत दुर्बळ घटकाचा इतिहास अदृश्य होतो.

समारोप

शासन ज्याची नोंद करते त्याचेच अस्तित्व मान्य होते. ब्रिटनने व्यवसाय मोजला. वसाहतकालीन शासनाने १९३१ पर्यंत जात मोजली, तर स्वतंत्र भारताने दशवार्षिक जनगणनेत अनुसूचित जाती-जमातींपलीकडे ती मोजणे थांबविले. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र शासनाने आगामी जनगणनेत जातनिहाय नोंद करण्याचा निर्णय जाहीर केला आहे. परंतु केवळ जात मोजून पुरेसे होणार नाही, जसे केवळ व्यवसाय मोजून झाले नाही. गॅझेटियरने वेगळी केलेली ती दोन प्रकरणे पुन्हा वेगवेगळीच छापली जाण्याचा धोका त्यात आहे.

अध्यापक म्हणून आपल्या हाती एक छोटी गोष्ट आहे. वर्गाची संकल्पना शिकविताना मँचेस्टरच्या जोडीला अमळनेर, लंडनच्या जोडीला चाळीसगाव आणि इंग्रज मजुराच्या जोडीला शहाद्याचा सालदार यांना अभ्यासक्रमात स्थान द्यावे. आखाजीला ज्याच्या वडिलांचे साल ठरते तो विद्यार्थी आपल्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसलेला असतो. त्याच्या घरचा इतिहास हाही इतिहास आहे, हे त्याला पाठ्यपुस्तकातून कळेल तेव्हा कळेल. ते आधी आपल्या तोंडून कळावे, एवढीच या लेखामागील अपेक्षा आहे.